कुकीज क्लिअर करा

लॅबच्या वेबसाइटवर एका आजोबांना ते गरोदर असल्याचा रिपोर्ट दिसला, तेव्हा साइट बनवणारी प्रोग्रामर पोट धरून हसली. "आजोबा, साइट ठीक आहे. तुम्ही कुकीज क्लिअर करा," म्हणाली.

तशाच तक्रारी वाढल्या, तेव्हा तिनं आपला पायथन कोड उघडला आणि तिला घाम फुटला. प्रत्येकाचं सेशन वेगळं ठेवायचं तिच्याकडूनच राहून गेलं होतं. पानावर नाव ज्याचं त्याचं, खाली रिपोर्ट भलत्याचाच.

जेवताना तिनं मान खाली घालून घरी सगळं सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे, कॅन्सर मला नाही?"

बाबांनी घास परत ताटात ठेवला.



"मग तुझ्या आईला इतक्या घाईनं गाडी चालवायला शिकवायची काही गरज नव्हती गं."