राजाशी आणि त्याच्या वारसांशी

"परत म्हण," इक्बाल फोनवर लेकीला म्हणाला. "कसली शपथ घेवची आसा म्हणतंस?"

"राजाशी इमानदार रवतलंय," इफ्रा म्हणाली. "आनि तेच्या वारसांशी."

"वारसांशी? जे अजून जल्माक येवचे आसत, तेंच्याशी पन?"

मालवणातल्या घरात जेवणाच्या टेबलावर फोन तांब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर इंग्लंडमधल्या नगरपालिकेचा हॉल, खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर राजाचा फोटो. आज इफ्रा तिथली नागरिक होणार होती. मग भारताचा पासपोर्ट परत करायचा. पुढे बापाच्या घरी यायलाही तिला सरकारची परवानगी लागणार. इक्बालला हे महिनाभर माहीत होतं. राग आज बाहेर पडला.

"अब्बा, राजा नावाक आसा. कारभार संसद करता. तो निस्तो सही करता."

"आमचो सरपंच पन सही करता. पसंत नाय पडलो तर पाच वर्सांनी आम्ही तेका घराक धाडतव. ह्येका कोण धाडतलो?"

"कोण नाय."

"मग! रांगेत उभं रवान मतदान करनारी आमची मानसा, आनि तू राजाची रयत होतलंस? लाज वाटना नाय?"

इफ्राने फोन तोंडाजवळ घेतला. तिचा आवाज चढला. "माका कॉलेज सोडूक लावलात, तेव्हा मतदान घेतलात? लगीन ठरवलात, तेव्हा माका विचारलात? ह्या घरात तुमका कोणी निवडून दिल्यान, अब्बा?"

इक्बालची मूठ टेबलावर आदळली. तांब्यातलं पाणी सांडलं, फोन आडवा पडला. त्याची बायको सुगरा शेजारीच बसली होती. तिने फोन पदराने पुसला आणि पुन्हा उभा केला.

तिकडे इफ्राने फोन कैफच्या, तिच्या नवऱ्याच्या हातात दिला होता. हॉलमधले सगळे एका सुरात शपथ म्हणत होते. इफ्राही म्हणत होती, मान ताठ ठेवून. मग राष्ट्रगीत सुरू झालं. लोक उभेच होते.

सुगरा खुर्ची मागे सारून उठली.

"बस गो खाली!" इक्बाल ओरडला. "तो तुजो राजा नाय!"

"माका म्हायत आसा," सुगरा पडद्यावरच्या लेकीकडे बघत म्हणाली. "माजा चेडू उभा आसा."

फोन बंद करायला त्याने हात पुढे केला, पण तिने तो आधीच उचलला होता. इफ्राला आपला चेहरा दिसेल असा फोन दोन्ही हातांत धरून ती उभी राहिली, गाणं संपेपर्यंत.

बसलेला तेवढा इक्बाल होता.