लाल दिवा

“लाल दिवा आज पुन्हा उशिरा लावलात! शिस्त म्हणून काही राहिली नाही,” काचेपलीकडून अण्णा बसलेल्या आवाजात करवादले. आमचं हौशी रेडिओ केंद्र त्यांनीच उभं केलं, आवाज घुमू नये म्हणून अंड्यांचे ट्रे भिंतींना चिकटवण्यापासून. हल्ली बोलताना त्यांची वाक्यं मध्येच हरवतात. त्यांना सांगायचं कोणी? म्हणून आम्ही प्रसारण चालू असल्याचा लाल दिवा लावतो, माईक बंद ठेवतो आणि त्यांचाच बागकामाचा जुना कार्यक्रम प्रसारित करतो. आज अचानक अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी आल्या, नवऱ्याचा विसरलेला चष्मा घेऊन. “वाटेत रेडिओ ऐकत आले,” त्या म्हणाल्या. “घसा बसलेला, चष्मा घरी. तरी आवाज खणखणीत, एकही वाक्य अडलं नाही.” आम्ही सगळे एकदम वायरी गुंडाळायला लागलो. आत अण्णा बंद माईकला गुलाबाची छाटणी समजावत होते. वहिनींनी चष्मा पर्समध्ये ठेवला. शेवटी त्याच म्हणाल्या, “ह्यांना आता जमत नाही.”