बाजरीवरचा हिंगा

धुळ्याच्या स्थळाने द्वारकाला नाकारलं आणि तिच्या धाकट्या बहिणीला, निर्मलाला, बघायला येतो म्हणून निरोप धाडला. द्वारकाच्या मनाला ते फार झोंबलं. पाहुणे यायच्या आदल्या दुपारी निर्मला ओसरीवर डोळे मिटून पडली असताना द्वारकाने बाजरीच्या कणसावरचा हिंगा नावाचा विषारी किडा आणून तिच्या गालावर चिरडला. सकाळपर्यंत गालभर पाण्याचे फोड उठले. पाहुणे चहासुद्धा न घेता बोदवड स्टेशनावर परत गेले.

संध्याकाळी द्वारका तिच्या फोडांवर गार पाण्याची पट्टी ठेवत होती. "माझ्या हातून पाप झालं, निर्मले," एवढंच ती कशीबशी बोलली.

निर्मलाने तिचा हात धरला.



"मी जागीच होती, अक्का. तुले नाही म्हणणारा माणूस मले कशाला पायजे?"