मास्तरांची क्लच प्लेट

“दुकान आता बंद करावं म्हणतो, मास्तर,” फॅनबेल्ट कागदात गुंडाळता गुंडाळता शेठ म्हणाला.

मास्तर दचकले. “का हो? तब्येत वगैरे?”

“तब्येतीला काय धाड भरलीय! गिऱ्हाईकच नाही. कंपनीने तुमची ती गाडी काढणं बंद करून पंधरा वर्षं झाली. तिचे पार्ट ठेवणारा मी एकटा, घेणारे तुम्ही एकटे.”

शेठ हा आपला नावाला शेठ. गेल्या काही वर्षांत त्याच्या फळ्यांवर मालापेक्षा धूळच जास्त साठली होती. पण दुकान बंद करण्याचं खरं कारण वेगळंच होतं. त्याची बायको सहा महिन्यांपासून दूरच्या शहरात, मुलाकडे, अंथरुणाला खिळून होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. ती रोज फोनवर एकच विचारायची, “कधी येताय?”

पण गिऱ्हाइकापुढे घरचं रडगाणं गायचं नाही, हा शेठचा जुना खाक्या. बायको, मुलगा हे विषय त्याने काउंटरवर कधी येऊच दिले नव्हते.

मास्तरांनी चष्मा पुसून फळ्या नीट न्याहाळल्या. मग म्हणाले, “मला क्लच प्लेट हवी होती.”

“अरे देवा! चालते तरी का गाडी?”

“कसली चालते!”

ती प्लेट त्याच्याकडे नव्हती, बाजारातही कुठे नव्हती. सरळ ‘नाही’ म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. पण गेली दहा वर्षं हा माणूस दर शनिवारी न चुकता पायी येत होता आणि साधा बल्ब का होईना, घेऊन जात होता. त्याला असं वाऱ्यावर सोडायला शेठचं मन धजेना.

“बघतो,” तो म्हणाला. “एवढं तुमचं काम करतो, मगच शटर ओढतो.”

“सावकाश बघा. मला काही घाई नाही.”

रात्री त्याने फोनवर बायकोकडे आठ दिवस मागितले.

“द्यायला माझ्या हातात आहेत का?” ती म्हणाली. मग आपणच हसली. “बरं, आधी गिऱ्हाइकाचं बघा. तुमचं नेहमीचंच आहे.”

आठाचे पंधरा झाले. शेठने सगळे भंगारवाले पालथे घातले. गंजलेल्या गाड्यांखाली पाठीवर सरपटत शिरला. हाती येई ती प्लेट एक तर झिजलेली असे, नाही तर भलत्याच मापाची. दर शनिवारी मास्तर विचारत, “मिळाली?” शेठ नकारार्थी मान हलवी. त्यावर मास्तर कधी वैतागले नाहीत, उलट त्यांचा चेहरा जरा खुलल्यासारखाच वाटे. माणूस मोठा धीराचा, असं शेठला वाटायचं.

विसाव्या दिवशी प्लेट मिळाली. एका फुटलेल्या गाडीत, जवळजवळ नवी. शेठला लहान मुलासारखा आनंद झाला. त्याने लगेच दुसऱ्या दिवशीच्या बसचं तिकीट काढलं.

सकाळी पिशवी भरत असताना मुलाचा फोन आला.

“बाबा, आई गेली. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती.”

शेठ खाटेवर बसून राहिला. रडू येईना. आपण तिला वीस दिवस ताटकळत ठेवलं, एवढंच डोक्यात घुमत होतं. मग त्याने पिशवी उचलली. मास्तरांचं घर स्टँडच्या वाटेवरच होतं आणि आता घाई कसली होती? निदान एका माणसाला दिलेला शब्द तरी पाळावा, असं त्याला वाटलं.

दार मास्तरांच्या सुनेने उघडलं. मास्तर फिरायला गेले होते. दाढी वाढलेल्या, डोळे तारवटलेल्या शेठला तिने दुकानातला गडी समजलं. खुलासा करायचं त्राण त्याच्यात नव्हतं.

“क्लच प्लेट आणलीय,” तो म्हणाला. “गाडीत बसवून घ्या म्हणावं.”

सून ओशाळली. तिने आवाज खाली आणला. “काका, तुमच्या शेठना सांगू नका हं. गाडी भंगारात देऊन सहा वर्षं झाली. ते दुकान बंद करायला निघाले, म्हणून बाबांनी मुद्दाम न मिळणारी वस्तू मागितली. म्हणतात, त्या बिचाऱ्याला दुकानाशिवाय जगात दुसरं कोणी नाही.”