आडवी पानं

बासष्टाव्या पानावर वेनिंगचा हात थांबला. हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या माथ्यावरच्या ओळीत, पाक हार्योकोंचं नाव नव्हतं. तिथे होतं: पार्दियो.

पाक हार्योको समोरच्या बाकावर चहा पीत बसले होते. विद्यापीठातले मोठे डॉक्टर; सगळे त्यांना आदराने 'पाक' म्हणत, जसं वेनिंगला 'बू'. त्यांचा शोधनिबंध उद्या समितीपुढे जायचा होता, तो मान्य झाला की ते प्राध्यापक होणार. हेडर नीट बसत नव्हतं, म्हणून कुणीतरी त्यांना कॅम्पसच्या मागच्या गल्लीतल्या या टायपिंगच्या दुकानाचा पत्ता दिला होता.

वेनिंगने पडद्यावर पुढची पानं उलटली. अकरा पानं, सगळी आडवी, सगळ्यांवर पार्दियो. अगं बाई, हे तर आपल्याच हातचं काम! तिच्या दुकानात एका वेळी सात-आठ पोरांचे प्रबंध छापून निघत. पानं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ती प्रत्येकाचं नाव हेडरमध्ये घालायची. रुंद तक्त्यांची पानं आडवी करायची आणि त्यांचं हेडर मागच्या पानांच्या हेडरपासून तोडून वेगळं ठेवायची. ज्याला हे ठाऊक नाही, तो उभ्या पानांवर नाव बदलतो आणि सगळीकडे बदललं असं समजतो.

पार्दियो तिला चांगला आठवत होता. गुनुंगकिडुलच्या कोरड्या डोंगरातला पोरगा. दोन वर्षं तिथल्या विहिरी मोजत उन्हातान्हात हिंडला होता. "पाक हार्योको प्रबंध पुन्हा परत पाठवतात, बू," म्हणायचा आणि हसायचा. तीन सत्रं त्यांनी त्याला असं झुलवलं. मुदत संपली, नाव पटावरून गेलं. आता तो दूर कालिमंतानमध्ये, मळ्यावर, तेलताडाचे घड ट्रकात चढवतो म्हणे.

"का थांबलात, बू?"

"पाक, इथे दुसऱ्याचं नाव आहे."

ते उठून आले. चष्मा वर करून पाहिलं. चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

"जुन्या फाइलवर काम केलं की राहतो असा केरकचरा. काढून टाका."

केरकचरा! वेनिंगच्या जिभेवर नाव आलं, विहिरी आल्या. पण गुरुवार आठवला. गुरुवारी तिच्या किनासिहची तोंडी परीक्षा होती. त्याआधी प्रबंधावर एक सही हवी होती, आणि ती याच माणसाची. किनासिहने तर आईला शपथच घातली होती. "आई, तुझं टायपिंगचं दुकान आहे हे पाकना कळता कामा नये. आयता लिहून घेतला म्हणतील." कळण्यासारखंही काही नव्हतं म्हणा. आमच्याकडे आडनाव नसतं. किनासिह म्हणजे नुसती किनासिह. कोण कुणाची, हे नावावरून ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? आणि पार्दियो तरी आपला कोण? असेल कुणाचा तरी. आपल्या पोरीची वाट मोकळी झाली म्हणजे झालं. असं मनाशी म्हणत तिने बासष्टाव्या पानावरचं नाव पुसलं. मग त्रेसष्टाव्या. एका क्लिकमध्ये सगळी जोडता आली असती, पण का कोण जाणे, तिने एकेक करूनच पुसली. शेवटच्या पानाशी तिचे डोळे भरून आले, तेव्हा तिने पंख्याला शिव्या घातल्या.

पाक हार्योकोंनी सगळी पानं स्वतः तपासली. आडवी पानं दोनदा.

"वा! हात आहे हो तुमचा. इतकी वर्षं कुठे लपला होतात?"

"इथेच होते, पाक."

"मग आता सुटका नाही तुमची." ते खुशीत हसले. खिशातून दुसरा पेन ड्राइव्ह काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "हेही करा. घाई नाही. ज्या पोरीचं आहे, तिचा प्रबंध मी बुधवारी परत पाठवतोय. पुढच्या सत्रातही पाठवीन. सहीची वाट बघत बसेल बिचारी. तोवर नाव बदलून ठेवा."

वेनिंगने पेन ड्राइव्ह लावला. फाइल उघडायला वेळ लागला. जुना संगणक, घरघरत राहिला. मग पहिलं पान आलं.

हेडर सुबक होतं. ओळीच्या शेवटी तिच्याच सवयीची ती बारीक रेघ. गेल्या सोमवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, टेंपे तळता तळता, तिनेच ते बसवलं होतं.

किनासिह.

पाक हार्योको दारात उभे राहून हेल्मेटचा पट्टा लावत होते. ती खुर्चीवरून उठली.

"ही... ही कोण, पाक?"

"कोण जाणे," ते पट्टा हनुवटीखाली अडकवत म्हणाले. "असेल कुणाची तरी."