भरलेली टाकी

"काम झालं की पेट्रोलचा नळ बंद करायचा, अन् इंजिन आपसूक विझू द्यायचं. कार्बोरेटरच्या वाटीत थेंब राहिला, तर ऐन पुरात ते दगा देणार."

केरबा दर वेळी हेच सांगायचा. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. पण गावातल्या तरुण मंडळाच्या बोटीपाशी उभ्या असलेल्या शालूबाईला नवऱ्याचा आवाज आज कानाशी येत होता.

मंडळातला गुंडू इंजिनाची दोरी ओढून ओढून थकला. चोक ओढला, सोडला, प्लग काढून पुसला. ठिणगी निळी पडत होती, पण प्लग कोरडाच. पेट्रोल आत येतच नव्हतं. तळहाताला फोड आले तसा तो बोटीच्या काठावर बसला आणि कुणाचं नाव न घेता शिव्या द्यायला लागला.

कृष्णेचं पाणी वेशीच्या पायऱ्यांना लागलं होतं. समोर उसाचे नुसते शेंडे. त्यापलीकडं मळ्यातल्या घराच्या कौलांवर हिरव्या लुगड्याचा एक ठिपका. ती बनाबाई, मंडळाचा अध्यक्ष यशराज याची सख्खी चुलती. म्हशी सोडून यायला तयार नव्हती, म्हणून मागं राहिली.

पाणी चढलं की पहिली बोट तुझ्याकडं, असा शब्द केरबानं तिला दिला होता आणि गेल्या पुरात पाळलाही होता. दवाखान्यात शेवटी त्यानं तोच शब्द शालूबाईकडून घेतला.

तिनं पाना मागून घेतला आणि कार्बोरेटरची वाटी उतरवली. आत करपलेल्या काकवीसारखा चिकट थर. जेटचं बारीक भोक पार मुजलेलं. तारेची काडी घालून तिनं ते मोकळं केलं, ताजं पेट्रोल ओतलं. गुंडूनं दोरी ओढली. इंजिन एकदा फटकन पेटलं, धूर सोडला आणि विझलं. परत काही पेटलं नाही.

खंडेनवमीला यशराजनं बोटीची पूजा घातली होती. हार, नारळ, फोटो. ओवाळलं शालूबाईनंच. टाकी रिकामी करायला पाहिजे, असं ती दबकत बोलली तेव्हा तो हसला होता. "काकू, पूजेला रितं भांडं ठेवतंय व्हय कोण?" टाकी काठोकाठ भरली गेली. देवाच्या कामात वाद कशाला, म्हणून ती गप्प बसली. त्यानंतर बोटीला कुणी हात लावला नव्हता. वाळलेला झेंडूचा हार अजून इंजिनाच्या गळ्यात होता.

यशराज फोन कानाला लावून आला. तालुक्याची मोठी बोट निघालीय, संध्याकाळपर्यंत पोचंल, असं त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"म्हातारी टणक हाय काकू. काय होत न्हाय तिला."

"तुझी चुलती हाय ती."

"मग काय पवत जाऊ?"

शालूबाई वळून चालायला लागली. गुऱ्हाळाच्या भिंतीला गूळ शिजवायची मोठी काहील टेकवून ठेवली होती. पुरात ती नावेसारखी पाण्यावर सोडायची रीत तिथं जुनीच. तिनं खूण केली तशी काठावर जमलेल्यांपैकी चौघांनी ती पाण्यात ढकलली. मीबी येतो, म्हणाला गुंडू. येताना दोघीच मावतील, असं सांगून तिनं त्याला थांबवलं.

सोमवारचा उपास होता, पोटात सकाळपासून पाणीच. इंजिनाच्या गळ्यातला हार तिनं काढला, कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. मग पदर खोचून ती काहिलीत मधोमध बसली आणि तिनं वल्हं हातात घेतलं.

काठावर यशराजनं फोन कानावरून काढून व्हिडिओ घ्यायला समोर धरला.

काहील आधी जागच्या जागी गरगर फिरली. शालूबाईनं वल्ह्यानं ती थोपवली, आणि हळूच त्या हिरव्या ठिपक्याकडं वळवली.