लेपाचा वास

"शी! काय घाण मारतोय मेला हा लेप!" रुमालात नाक खुपसून दुसऱ्या मजल्यावरची वहिनी कुरकुरली.

काकू शिडीवर होत्या. बगळे गाड्यांवर शिटतात म्हणून इमारतीने एकमताने परवा आवारातल्या झाडाच्या फांद्या छाटून घेतल्या होत्या. आता झाडाला बुरशी लागू नये म्हणून काकू प्रत्येक कापलेल्या टोकावर मोरचूद-चुन्याचा लेप लावत होत्या, लेकराच्या खरचटलेल्या गुडघ्याला मलम लावावं तशा हलक्या हाताने. सेक्रेटरी बादली धरून उभे होते, तळमजल्यावरचे आजोबा बुंध्याशी पाणी घालत होते. सख्ख्या नातेवाइकाची करावी तशी जो तो झाडाची विचारपूस करत होता.

"औषध आहे ते वहिनी, अत्तर नव्हे!" सेक्रेटरी म्हणाले, आणि सगळे जरा जास्तच मोठ्याने हसले. भिंतीकडच्या कोपऱ्यात माशा घोंघावत होत्या, पण तिकडे कोणाचीच मान वळली नाही.

"होईल कमी, लेप वाळला की," आजोबांनीही री ओढली.

काकूंनी ब्रश नाकाशी नेला. एकदा हुंगला, पुन्हा हुंगला. मग भिंतीकडच्या कोपऱ्याकडे बघत त्या शिडीवरून खाली उतरल्या.



"लेपाला वास नाहीये हो," त्या म्हणाल्या. "फांद्यांबरोबर पडलेली बगळ्यांची पिल्लं आपण पोत्यात भरून त्या कोपऱ्यात टाकली ना... तोंड बांधलं, तेव्हा जिवंत होती ती."